रक्तातून गाठीत

उसाच्या फडात काम करणाऱ्या माणसाच्या पायाला काही ना काही लागतंच. पाचटाची धार लागते, कोयत्याचा ओझरता घाव बसतो, टाचेत धसकट घुसतं. करवीर, कागल, शिरोळ, पन्हाळा, कोणत्याही तालुक्यात हेच. जखम बारीक म्हणून माणूस तिच्याकडे बघत नाही, आणि दोन-तीन दिवसांनी जांघेत गाठ येते, पाऊल टाकताना दुखायला लागते. घरातलं जाणतं माणूस हात लावून सांगतं, ‘अवधाण आलंय, पायाला काय लागलंय बघ.’ हे निदान बरोबर असतं. पायाकडून वर येणारी लसिका जांघेतल्या ग्रंथींमधून गाळून पुढे जाते, त्यामुळे जखमेतले जंतू आणि त्यांचे तुकडे आधी तिथेच पोचतात.

पण गाठ फुगते कशाने? जखमेतली घाण वर चढली, असं बहुतेकांना वाटतं. चांगली शिकलेली माणसंही असंच सांगतात. प्रत्यक्षात पहिल्या एक-दोन दिवसांत ग्रंथी मोठी होते ती मुख्यतः रक्तातून आत उतरलेल्या पांढऱ्या पेशींमुळे. त्या रक्ताबरोबर वाहत येतात, ग्रंथीतल्या काही ठरावीक शिरांपाशी थांबतात, शिरेची भिंत ओलांडतात आणि आत जातात. त्याच वेळी ग्रंथीतून बाहेर पडायची वाट काही काळ जवळजवळ बंद होते. येणाऱ्या जास्त, जाणाऱ्या कमी, म्हणून गाठ वाढते. आत आलेल्यांपैकी ज्या मोजक्या पेशींना तो जंतू ओळखता येतो, त्या पुढे विभागून हजारोंच्या संख्येने वाढतात, पण ते नंतर. आधी त्या पेशी तिथे पोचायला हव्यात.

हे पुस्तक त्या पोचण्याबद्दल आहे. पांढरी पेशी वाहत्या रक्तातून नेमकी कुठे थांबते, कशी थांबते, आणि अखंड दिसणाऱ्या भिंतीतून रक्त न सांडता आरपार कशी जाते, एवढाच त्याचा विषय. विषय लहान वाटेल. माझ्या मते प्रतिकारशक्तीचं सगळं कामकाज याच एका गोष्टीवर उभं आहे, आणि आपल्याकडे तीच सांगायची राहून गेली आहे. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक, हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात लढाई आहे, पण सैनिकाला कुठे जायचं ते कोण सांगतं याचा पत्ता नाही. उत्तर रक्तवाहिनीच्या भिंतीत आहे. कोणाला थांबवायचं आणि कोणाला जाऊ द्यायचं, याची अर्धी निवड भिंत करते. ही गोष्ट एकदा कळली की रक्ताचा रिपोर्ट, सुजलेली गाठ, लहान मुलाची न पडलेली नाळ, या सगळ्यांकडे पाहण्याची नजर बदलते.

आधी थोडा हिशेब. माणसाच्या शरीरात लिम्फोसाइट या जातीच्या पांढऱ्या पेशी सुमारे ४६ हजार कोटी असतात, असा एक जुना आणि अजूनही वापरात असलेला अंदाज आहे. त्यांतल्या जेमतेम २ टक्के एका वेळी रक्तात असतात. बाकीच्या लसिका ग्रंथी, प्लीहा, अस्थिमज्जा, आतड्याची भिंत अशा ठिकाणी असतात. सीबीसीच्या रिपोर्टवर लिम्फोसाइटचा जो आकडा छापून येतो, तो या वाटेवर असलेल्या २ टक्क्यांचा. स्टेरॉइड दिल्यावर काही तासांत हा आकडा खाली येतो. त्यामागे मुख्य कारण पेशींनी जागा बदलणं हे असतं. त्या रक्त सोडून दुसरीकडे गेलेल्या असतात. रिपोर्ट वाचणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

दुसरा हिशेब आणखी महत्त्वाचा. प्रत्येक लिम्फोसाइटला एकच विशिष्ट आकार ओळखता येतो. एखादा नवा जंतू शरीरात आला, तर त्याचा एखादा ठरावीक तुकडा ओळखणारी पेशी लाखात एक असते, कधी दहा लाखांत एक. जंतू टाचेत आहे, आणि ती एक पेशी त्या क्षणी मानेत असेल, काखेत असेल, आतड्यात असेल. दोघांची भेट योगायोगावर सोडली तर माणूस वाचणार नाही. यावर शरीराची तोड अशी, की जंतूचे नमुने जवळच्या ग्रंथीत आणून मांडायचे आणि सगळ्या लिम्फोसाइट एकेका ग्रंथीतून अखंड फिरवत ठेवायच्या. माणसाच्या अंगात अशा ग्रंथी पाचशेहून अधिक आहेत. रक्तात लिम्फोसाइट सरासरी अर्ध्या तासाच्या आसपास राहते. मग ती एखाद्या ग्रंथीत उतरते, अर्धा दिवस ते एक दिवस तिथे हिंडून मांडलेले नमुने तपासते, आपल्या ओळखीचं काही सापडलं नाही तर बाहेर पडते आणि लसिकेच्या वाटेने पुन्हा रक्तात येते. असं ती आठवडेच्या आठवडे करते. सगळ्या ग्रंथी मिळून दर सेकंदाला सुमारे ५० लाख लिम्फोसाइट रक्तवाहिनीची भिंत ओलांडत असाव्यात, असा अंदाज आहे.

हे फिरणं विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणाला माहीत नव्हतं. छातीतली मोठी लसिकावाहिनी डाव्या खांद्याजवळच्या शिरेत रिकामी होते आणि रोज इतक्या लिम्फोसाइट रक्तात ओतते, की रक्तातल्या सगळ्या लिम्फोसाइट दिवसातून अनेकदा नव्याने भरल्या जाव्यात. तरी रक्तातली संख्या वाढत नाही. मग रोजच्या या पेशी जातात कुठे? त्या अल्पायुषी असून कुठेतरी मरत असाव्यात, असं मानलं जाई. ऑक्सफर्डमध्ये जेम्स गोवन्स यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात उंदराच्या या वाहिनीत बारीक नळी बसवली आणि लसिका दिवसेंदिवस बाहेर काढून घेतली. लिम्फोसाइटचा ओघ आटत गेला. बाहेर काढलेल्या पेशी परत रक्तात सोडल्या तेव्हा ओघ पुन्हा वाढला. मरणाऱ्या पेशींच्या बाबतीत हे शक्य नव्हतं. त्याच पेशी फिरून येत होत्या. मग गोवन्स आणि नाइट यांनी पेशींवर किरणोत्सारी खूण करून त्यांची वाट शोधली, आणि १९६४ मध्ये गोवन्स व मार्चेसी यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी भिंत ओलांडताना पकडल्या.

ती भिंत वेगळीच आहे. शरीरातल्या बहुतेक रक्तवाहिन्यांना आतून चपट्या, पातळ पेशींचं अस्तर असतं. लसिका ग्रंथीच्या मधल्या थरात केशवाहिन्यांच्या पुढे ज्या बारीक शिरा लागतात, त्यांचं अस्तर जाड असतं. पेशी उंच, फुगीर आणि आत डोकावणाऱ्या असतात. जर्मनीत १८९८ मध्येच त्यांचं वर्णन झालं होतं, उपयोग कळायला पुढची साठ-पासष्ट वर्षं गेली. या पुस्तकात मी त्यांना ‘उंच पेशींच्या शिरा’ म्हटलं आहे. ग्रंथींत आणि आतड्यालगतच्या लसिका पुंजांत त्या असतात. प्लीहेत त्या नाहीत, तिथली वाट निराळी, म्हणून तिच्यासाठी स्वतंत्र प्रकरण ठेवलं आहे.

या शिरांबद्दलची मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांचं उंचपण कायमचं नसतं. ग्रंथीकडे येणाऱ्या लसिकावाहिन्या प्राण्यात कापल्या, तर काही दिवसांत त्या शिरांच्या पेशी चपट्या होतात आणि लिम्फोसाइट तिथे थांबेनाशा होतात. रक्तपुरवठा जसाच्या तसा असतो. कमी पडतं ते लसिकेतून येणाऱ्या डेंड्रायटिक पेशींचं येणं. त्वचेतून, आतड्यातून नमुने गोळा करून आणणाऱ्या या पेशी ग्रंथीत पोचल्यावर शिरेच्या भिंतीलाही तिचा स्वभाव टिकवायला लावतात. पायाकडून बातमी येत राहते, म्हणून जांघेतलं दार शाबूत राहतं.

आता प्रत्यक्ष ओलांडणं. रक्तात तांबड्या पेशी प्रवाहाच्या मध्यभागी दाटतात आणि पांढऱ्या पेशी कडेला, भिंतीजवळ लोटल्या जातात. लिम्फोसाइटच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म बोटांसारखे उंचवटे असतात आणि त्यांच्या टोकांवर एल-सिलेक्टिन हे प्रथिन बसलेलं असतं. उंच पेशींच्या शिरेवर या सिलेक्टिनला धरता येतील अशा साखरेच्या साखळ्या असतात. पहिली पकड तिथे बसते. ती क्षणभराची असते. सुटते, पुढची बसते, तीही सुटते. या धर-सोडीत पेशी भिंतीवरून गडगडत जाते, आणि प्रवाहाच्या मानाने तिचा वेग कितीतरी कमी होतो. पकडीचा एक गुण शास्त्रज्ञांनाही बराच काळ कोड्यात टाकत होता: रक्त फारच संथ असेल तर ती बसतच नाही, आणि ओढ एका मर्यादेपर्यंत वाढली की ती अधिक टिकते. मुलं एकमेकांच्या बोटात बोट वाकवून अडकवतात आणि ओढतात तेव्हा आकडी जशी घट्ट होते, तसंच काहीसं इथे दोन रेणूंमध्ये होतं. त्यामुळे साकळलेल्या रक्तात पेशी उगाच चिकटत नाहीत, वाहत्या रक्तातच चिकटतात.

गडगडणाऱ्या पेशीला भिंतीवर दुसरी गोष्ट भेटते. सीसीएल-२१ नावाचं केमोकाइन तिथे चिकटवून ठेवलेलं असतं. ते ओळखणारा सीसीआर-७ हा ग्राहक लिम्फोसाइटवर असतो. दोघांची गाठ पडली की सेकंदाच्या आत पेशीच्या आतून निरोप बाहेर येतो आणि तिच्या अंगावरचं एलएफए-१ हे इंटिग्रिन, जे तोवर वाकून मिटलेलं असतं, ते ताठ उभं राहून उघडतं. त्याची पकड भिंतीवरच्या आयकॅम-१ वर बसते. ही पकड पक्की असते. पेशी थांबते, भिंतीवर चपटी होऊन सरपटते, योग्य जागा सापडली की काही मिनिटांत आत जाते.

तीन खुणा, आणि तिन्ही एकाच ठिकाणी एकत्र असायला हव्यात. न्यूट्रोफिल या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशीवरही एल-सिलेक्टिन असतं, त्यामुळे तोही इथे गडगडू शकेल, पण एरवी त्याला सीसीएल-२१ चा निरोप ऐकू येत नाही; तो पुढे निघून जातो. जंतू एकदा ओळखून लढायला तयार झालेली लिम्फोसाइट आपलं एल-सिलेक्टिन आणि सीसीआर-७ उतरवून ठेवते. म्हणून ती परत ग्रंथीत न जाता सुजलेल्या जागी जाते. आतड्यालगतच्या पुंजांत मॅडकॅम-१ ही वेगळी खूण असते आणि ती धरायला अल्फा-४-बीटा-७ हे वेगळं इंटिग्रिन लागतं. कोणत्या पेशीने कुठे उतरायचं हे अशा जोड्यांनी ठरतं.

पहिली पकड साखरेची आहे, हे कसं कळलं त्याचा इतिहास दुसऱ्या प्रकरणात विस्ताराने येईल. १९७६ मध्ये स्टॅम्पर आणि वुडरफ यांनी ग्रंथी गोठवून तिचे पातळ काप काचेवर ठेवले, वर जिवंत लिम्फोसाइट ओतल्या आणि थंडीत काच हलवत ठेवली. पेशी फक्त उंच पेशींच्या शिरांवर चिकटल्या. ग्रंथी मेलेली होती, रक्त वाहत नव्हतं, तरी पत्ता शाबूत होता. १९८३ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने ही पकड रोखणारं प्रतिद्रव्य शोधलं. सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्हन रोझेन यांच्या प्रयोगशाळेत काही साखरा घातल्या की पकड सुटते, हे दिसलं. १९८९ मध्ये एल-सिलेक्टिनचा जनुक हाती आला आणि त्याच्या टोकाशी साखर धरणारा भागच निघाला. ज्या साखळीला सिलेक्टिन धरतं तिचं नाव सायलिल लुईस एक्स. उंच पेशींच्या शिरांवर तिच्यावर एक सल्फेटही चढवलेला असतो. या साखळीत फ्यूकोज नावाची साखर नसेल तर पकड बसत नाही.

आणि फ्यूकोजपाशी आलं की गोष्ट आपल्या मातीत येते. म्हणूनच कोल्हापुरात बसून हे पुस्तक लिहिताना मला हा विषय दूरचा वाटला नाही.

१९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांचा एक छोटा लेख आला. त्यांच्याबरोबर लंडनचे सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स ही नावं होती. मुंबईत काही माणसांचं रक्त नेहमीच्या तपासणीत ओ गटासारखं दिसे, पण त्यांना ओ गटाचंही रक्त जुळत नसे. त्यांच्या तांबड्या पेशींवर ए नाही, बी नाही आणि ओ गटाच्या माणसावरही असणारा एच पदार्थही नाही. उलट त्यांच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिद्रव्य तयार असतं, म्हणून त्यांना त्यांच्यासारख्याच माणसाचं रक्त लागतं. हाच बॉम्बे रक्तगट. युरोपात तो दहा लाखांमागे एखाद्याचा. भारतात सर्वसाधारणपणे दहा हजारांमागे एक असं म्हटलं जातं, आणि नोंदलेल्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणातल्या रक्तपेढ्यांना तो चांगला परिचित आहे; एका पिशवीसाठी दात्याला रातोरात एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात नेल्याच्या बातम्या आपण वाचतो.

आता त्या लेखातली दोन नावं पुन्हा बघा, मॉर्गन आणि वॉटकिन्स. त्याच १९५२ मध्ये या दोघांनी दाखवलं की ईल माशाच्या रक्तद्रवातलं एचविरोधी द्रव्य एका साध्या साखरेने निष्प्रभ होतं. ती साखर फ्यूकोज. समुद्रातल्या तपकिरी शैवालात ती भरपूर असते. म्हणजे एच या खुणेचा गाभा फ्यूकोज आहे. बॉम्बे गटाच्या माणसात तांबड्या पेशींवर ती फ्यूकोज बसवणारं वितंचक बनत नाही. एच नाही, म्हणून त्यावर रचले जाणारे ए आणि बीही नाहीत. मुंबईतल्या रक्ताने जगाला दाखवलं की रक्तगट म्हणजे शेवटी कोणती साखर कुठे जोडली आहे याचा प्रश्न आहे.

चाळीस वर्षांनी, १९९२ मध्ये, इस्रायलमधल्या डॉ. एत्झिओनी आणि सहकाऱ्यांनी दोन मुलांची हकीकत छापली. दोघे एकमेकांचे कोणी नव्हते, पण दोघांचेही आईवडील आपापसांत नात्यातले. मुलांना वारंवार जंतुसंसर्ग होई, रक्तात पांढऱ्या पेशी बेसुमार, तरी जखमेच्या जागी पू धरत नसे. वाढ खुंटलेली, बुद्धीचा विकास मंद. आणि रक्तगट बॉम्बे. सुजलेल्या जागी जोडी उलटी असते, सिलेक्टिन भिंतीवर आणि साखळी पेशीवर; त्यांच्या पांढऱ्या पेशींवर सायलिल लुईस एक्स नव्हतं. पेशी होत्या, धडधाकट होत्या, पण भिंतीवर पहिली पकडच बसत नव्हती. त्या रक्तातच फिरत राहिल्या. आज या आजाराला पांढऱ्या पेशींच्या चिकटण्यातल्या दोषाचा दुसरा प्रकार म्हणतात. सिलेक्टिनची पकड माणसाच्या जगण्याला किती आवश्यक आहे, याचा हा माणसातला पुरावा होता, आणि तो एका रक्तगटाच्या खुणेने हाती लागला.

इथे एक गैरसमज टाळायलाच हवा, कारण महाराष्ट्रात बॉम्बे गटाची हजारो माणसं आहेत. त्यांना हा आजार नाही. रक्त घ्यायची वेळ सोडली तर ती पूर्णपणे निरोगी असतात, त्यांच्या पांढऱ्या पेशी व्यवस्थित गडगडतात आणि ग्रंथीत शिरतात. फ्यूकोज बसवणारी वितंचकं वेगवेगळी आहेत. बॉम्बे गटात तांबड्या पेशींचं एक बिघडलेलं असतं. पांढऱ्या पेशींवर सायलिल लुईस एक्स घडवणारं दुसरंच असतं आणि ते शाबूत असतं. त्या मुलांत बिघाड याच्याही आधीच्या पायरीवर होता. पेशीच्या आत साखरेच्या साखळ्या जिथे घडतात त्या गॉल्जी नावाच्या भागात फ्यूकोज वाहून नेणारं प्रथिनच त्यांच्यात निकामी होतं. त्या प्रथिनाचा जनुक २००१ मध्ये सापडला. फ्यूकोज आत पोचतच नसेल तर ते जोडणारी सगळीच वितंचकं रिकामी बसणार: तांबडी पेशी एचविना, पांढरी पेशी पकडीविना, मेंदूच्या वाढीतही अडथळा.

त्याआधीच, १९९९ मध्ये, जर्मनीतल्या डॉक्टरांनी अशाच एका तुर्की मुलाला तोंडाने फ्यूकोज दिल्याची हकीकत छापली होती. साधी साखर, मोठ्या प्रमाणात. त्याच्या पांढऱ्या पेशींवर हरवलेल्या साखळ्या पुन्हा दिसू लागल्या, रक्तात अडकलेल्या पेशींची संख्या उतरली, संसर्ग कमी झाले. इस्रायलमधल्या मुलांना मात्र तोच उपाय लागू पडला नाही. त्यांच्यातला जनुकाचा दोष वेगळा होता. तुर्की मुलात वाहक प्रथिनाची फ्यूकोज धरायची क्षमता कमी झाली होती, ती जादा साखरेने भरून निघाली. जिथे वाहकच काम करत नाही, तिथे कितीही साखर दिली तरी उपयोग नाही. आजाराचं नाव एकच असूनही दोन मुलांना दोन वेगळी उत्तरं मिळतात, ती का, हे या उदाहरणाइतकं स्वच्छ मला दुसरीकडे सापडलं नाही. म्हणून त्यावर पुढे सबंध प्रकरण आहे.

दुसरा प्रकार जगातही मोजक्याच मुलांत नोंदला गेला आहे. पहिला प्रकार त्याहून अधिक आढळतो आणि आपल्या डॉक्टरांनी, परिचारिकांनी, आशाताईंनी तो जाणून घ्यावा असं मला कळकळीने वाटतं. यात दुसरी, पक्की पकड जाते. इंटिग्रिनचा सीडी-१८ हा भाग बनत नाही किंवा फार कमी बनतो. न्यूट्रोफिल भिंतीवर गडगडतो, थांबत नाही. पहिली खूण अनेकदा नाळेची. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं करतात, तोवर बहुतेक बाळांची नाळ पडलेली असते. नाळ सुटून पडायलाही त्या जागी न्यूट्रोफिल यावे लागतात. महिना होत आला तरी नाळ पडली नाही, बेंबीची जागा लाल होऊन सुजली, पण पू नाही, आणि रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशींचा आकडा फार मोठा, असं एकत्र दिसलं तर या आजाराचा विचार व्हायला हवा. नुसती नाळ उशिरा पडणं हे निरोगी बाळातही होतं. भीती बाळगायची ती या सगळ्या खुणा जुळल्यावर. फ्लो सायटोमेट्रीने पेशींवर सीडी-१८ आहे का ते कळतं. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय रुधिरप्रतिकार विज्ञान संस्था आहे. वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५७ मध्ये उघडलेल्या रक्तगट संदर्भ केंद्रातून ती वाढली, १९५२ च्या लेखातल्या भाटियांचं आयुष्यभराचं काम तिथलंच, आणि याच संस्थेत आज या आजाराच्या भारतीय मुलांचा अभ्यास होतो. गंभीर प्रकारावर अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा उपाय आहे, तो वेळेत झाला तर मूल वाचतं. न झाल्यास अनेक मुलं पहिल्या काही वर्षांतच दगावतात.

हे दोन्ही प्रकार आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन दोषी जनुक मिळाले तरच होतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, सीमाभाग या पट्ट्यात मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत अनेक समाजांत होती आणि आजही आहे. इरावती कर्वे यांनी नातेसंबंधांच्या अभ्यासात महाराष्ट्र हा उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या रीतींचा मधला प्रदेश असल्याचं दाखवलं, त्यात ही रीत दक्षिणेकडची. मला कोणाच्या घरातल्या सोयरिकीवर बोट ठेवायचं नाही. बहुसंख्य अशा जोडप्यांची मुलं निरोगी असतात. पण एक मूल अशा आजाराने गेलं असेल तर पुढच्या गरोदरपणाआधी आनुवंशिक सल्ला घ्यावा, आणि सल्ला देणाऱ्याने तो दोष न देता द्यावा, इतकं म्हणायचा अधिकार मी घेतो.

भिंतीचं गणित कळल्यावर ते बदलणारी औषधंही आली. मल्टिपल स्क्लेरोसिसवर २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं नॅटलिझुमॅब अल्फा-४ इंटिग्रिन अडवून लिम्फोसाइटना मेंदूत शिरू देत नाही. वर्षभरात ते मागे घ्यावं लागलं, कारण पेशी मेंदूत जाईनात तेव्हा जेसी विषाणू काही रुग्णांच्या मेंदूत उफाळून आला. २००६ मध्ये कडक नियमांसह ते परत आलं. २०१० मध्ये आलेलं फिंगोलिमॉड उलट बाजूने काम करतं, ते ग्रंथीतून बाहेर पडायची वाट अडवतं. २०१४ चं व्हेडोलिझुमॅब फक्त आतड्याकडची जोडी रोखतं, म्हणून आतड्याच्या दाहात उपयोगी. यांवर मी थोडक्यातच लिहिलं आहे. औषधं बदलत राहतील, यंत्रणा तीच राहील.

पुस्तक कोणासाठी, हे सांगून थांबतो. विज्ञान शाखेची मुलं, परिचर्येचे विद्यार्थी, शाळा-कॉलेजचे शिक्षक, गडहिंग्लज-चंदगडसारख्या ठिकाणी दवाखाना चालवणारे डॉक्टर, आणि आपल्या अंगात काय चाललं आहे ते मराठीत नीट समजून घ्यायची इच्छा असलेला कोणीही. जिथे इंग्रजी संज्ञा रोजच्या वापरात रुळली आहे तिथे तीच ठेवली, नवे संस्कृत शब्द घडवत बसलो नाही. आकृत्या मुद्दाम साध्या ठेवल्या. एक मर्यादा वाचकाने लक्षात घ्यावी: इथे सांगितलेलं बरंचसं उंदरांत आणि मेंढ्यांत पाहिलेलं आहे, कारण जिवंत माणसाच्या ग्रंथीत पेशी भिंत ओलांडताना बघणं फार अवघड आहे. काही मुद्द्यांवर अजून वाद आहेत. लिम्फोसाइट भिंतीतल्या दोन पेशींच्या मधून जाते की एका पेशीच्या अंगातूनच आरपार, याला दोन्ही बाजूंनी पुरावे आहेत. असे वाद मी मिटवलेले नाहीत, दोन्ही बाजू मांडल्या आहेत. पहिलं प्रकरण १८६७ पासून सुरू होतं: बर्लिनमध्ये कोनहाइम यांनी जिवंत बेडकाचं आतड्याजवळचं पातळ पटल सूक्ष्मदर्शकाखाली पसरलं आणि पांढऱ्या पेशी एकेक करून शिरेच्या भिंतीबाहेर येताना तासन्‌तास पाहिल्या.